पडद्यावरची शर्यत आणि आमचा निवाडा

या त्रैमासिकाच्या पानांवर इतिहास म्हटला की बहुधा दोन प्रसंगांची चर्चा होते. एक, पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातील १७७९ चा तह, ज्याच्या पोटी पुढे नगरहवेलीची गावे पोर्तुगीजांकडे गेली. आणि दुसरा, २ ऑगस्ट १९५४ चा मुक्तिदिन, ज्यानंतर आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी शिक्षक, कारकून वा कंपाउंडर म्हणून सेलवासची वाट धरली. हे दोन्ही विषय मोलाचे आहेत आणि त्यांवर लिहिणारे आमच्याहून जाणते आहेत. आज आम्ही ज्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहोत, तो मात्र असा आहे की पुष्कळांना त्याला इतिहास म्हणणेच धारिष्ट्याचे वाटेल. संगणकाच्या पडद्यावर रात्रीच्या शहरात मोटारी पळविण्याच्या खेळाचा हा इतिहास आहे. त्याकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका चुकीच्या निवाड्याची परतफेड म्हणून वळलो.

प्रसंग २००६ च्या पावसाळ्यातला. आमच्या वसाहतीतील एकोणीस वर्षांचा एक मुलगा रात्री साडेअकराच्या सुमारास नरोलीच्या रस्त्याने मोटारसायकलवरून येत असता, कडेला उभ्या असलेल्या कंटेनरवर मागून आदळला. जीव वाचला, उजवा पाय कायमचा अधू झाला. हा मुलगा नाक्याजवळच्या सायबर कॅफेत तासन्‌तास मोटारशर्यतीचा खेळ खेळतो, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चार-पाच वडीलधारी मंडळी त्या कॅफेत गेलो आणि तेथील मालकाला चार गोष्टी सुनावल्या. त्याने मुकाट्याने खेळ काढून टाकले. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी ती खोलीही बंद झाली. आम्ही कर्तव्य बजावल्याच्या समाधानात घरी आलो. ज्या खेळाला आम्ही दोषी ठरविले तो काय आहे, हे आमच्यापैकी एकानेही पाहिलेले नव्हते.

आता पाहू.

पडद्यावर मोटार पळविण्याची कल्पना जुनी आहे. अटारी या अमेरिकन कंपनीने १९७४ मध्ये ‘ग्रॅन ट्रॅक १०’ नावाचे यंत्र काढले. नाणे टाकावे आणि स्टिअरिंग हाती घेऊन ठिपक्यांनी आखलेल्या वाटेवरून वरून दिसणारी गाडी फिरवावी, एवढाच त्याचा व्याप. १९८२ साली जपानच्या नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ने खेळाडूला गाडीच्या मागे आणून बसविले आणि रस्ता समोरून अंगावर येऊ लागला. १९८६ मध्ये सेगाच्या ‘आउटरन’ने त्या रस्त्याला समुद्रकिनारा, फाटे आणि संगीत दिले. या सर्व खेळांत एक गोष्ट समान होती : गाडी तयार मिळे. ती जशी दिली तशी चालवायची. तिच्यावर खेळाडूचा अधिकार केवळ वेगापुरता. १९९१ मध्ये निघालेला मोटारसायकलींचा ‘रोड रॅश’ पुढे आपल्याकडच्या अनेक संगणकांवर पोहोचला. साखळ्या आणि दंडुके घेऊन शेजारच्या स्वाराला पाडण्याचा तो आडदांड प्रकार आमच्या घरातील मुलांनीही खेळून पाहिला होता. त्यातही मोटारसायकल विकत घेता येई, पण आपलीशी करता येत नसे.

१९९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ‘नीड फॉर स्पीड’ ही मालिका सुरू केली. पहिल्या खेळासाठी ‘रोड अँड ट्रॅक’ या मोटारविषयक मासिकाचे साहाय्य घेतले होते. महागड्या परदेशी मोटारी, त्यांचे आवाज आणि त्यांची चाल जमेल तितकी खरी असावी हा त्यामागचा हेतू. १९९७ साली जपानमध्ये प्लेस्टेशनसाठी निघालेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ने आणखी एक पाऊल टाकले. तेथे सामान्य माणसाची मोटार विकत घ्यावी, शर्यत जिंकून पैसे मिळवावेत आणि त्यातून इंजिन, टायर, सस्पेन्शन सुधारावे, अशी रचना होती. मोटार हळूहळू खेळाडूच्या हाताखाली घडू लागली होती. तरीही ही घडण गॅरेजातल्या मिस्त्रीची होती. रंगाऱ्याचा आणि शिंप्याचा त्यात प्रवेश झालेला नव्हता.

तो प्रवेश कोठून झाला हे समजण्यासाठी पडद्याबाहेरच्या रस्त्यावर यावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन, त्यांचे जड भाग काढून टाकून, कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाटीवर पळवीत असत. युद्धानंतर हा नाद शहराच्या रस्त्यांवर आला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने १९५१ साली एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जिचा उघड हेतू मुलांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर नेणे हा होता. आम्हांला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. तेथील जाणत्यांनी मुलांच्या हातातील पाना काढून घेतला नाही. त्यांनी जागा बदलली.

पुढे १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील आशियाई वंशाच्या तरुणांनी हाच उद्योग जपानी मोटारींवर आरंभिला. होंडा सिव्हिकसारखी घरगुती गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळे. जपानमध्येही रात्रीच्या द्रुतगती मार्गांवर आणि डोंगरवाटांवर बदललेल्या मोटारी पळविणाऱ्यांची स्वतंत्र परंपरा होती. तिची ओळख १९९५ पासून निघू लागलेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेने घरोघरी करून दिली. तिचा नायक टोफू पोहोचविणाऱ्या दुकानदाराचा मुलगा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमधील रात्रीच्या शर्यतींवर ‘व्हाइब’ मासिकात १९९८ साली केन ली या पत्रकाराचा लेख आला आणि त्यावरून २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट निघाला. ही सर्व माणसे श्रीमंत नव्हती. नवी, महाग गाडी घेण्याची ऐपत नाही म्हणून जुन्या, साध्या गाडीला हाताने वेगळेपण देणारी होती. गाडीच्या सजावटीचा उगम असा चणचणीत आहे.

ही सामग्री हाताशी घेऊन इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या व्हँकुव्हर येथील ब्लॅक बॉक्स या शाखेने नोव्हेंबर २००३ मध्ये ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ बाजारात आणला. आधीच्या भागांतील फेरारी-लॅम्बोर्गिनी बाजूला सारून यात सिव्हिक, गोल्फ, प्यूजो, निऑन यांसारख्या मध्यमवर्गीय घरासमोर शोभणाऱ्या गाड्या ठेवल्या होत्या. शर्यती सर्व रात्रीच्या. रस्ते नुकताच पाऊस पडून गेल्यासारखे ओले, जेणेकरून दिव्यांचे रंग त्यांत उतरावेत. आणि पहिल्यांदाच सजावट हा खेळाचा अर्धा भाग झाला. बंपर, बॉनेट, मागचा पंख, चाकांच्या रिम, छतावरील हवेची खिडकी, काचांची छटा, गाडीच्या पोटाखाली लावायचा निऑनचा उजेड, अंगावर चिकटवायची नक्षी, धुराड्याचे टोक, हे सारे एकेक करून निवडायचे. साजशृंगार जितका वरचा तितकी गाडीची प्रतिष्ठा वाढे आणि शर्यतीत मिळणारे शैलीचे गुण तितक्या पटीने चढत. म्हणजे नुसते जिंकणे पुरेसे नव्हते. देखणे असावे लागे.

यंत्राचाही विचार होता. नायट्रस ऑक्साइडची टाकी हा या खेळाचा मुलांमध्ये सर्वांत गाजलेला भाग. इंजिनाच्या उष्णतेत हा वायू फुटून नत्रवायू व प्राणवायू वेगळे होतात. प्राणवायू अधिक मिळाल्याने इंधन अधिक जाळता येते आणि क्षणभर जोर वाढतो. शिवाय द्रवाचा वायू होताना आत येणारी हवा थंड होऊन दाट होते, त्याचाही लाभ मिळतो. ‘ड्रॅग’ नावाच्या सरळ रेषेतील शर्यतीत गिअर नेमक्या क्षणी बदलला नाही तर मागे पडावे लागे आणि जिवापाड ताणले तर इंजिन निकामी होई. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात बेव्ह्यू नावाचे अख्खे शहर मोकळे फिरायला दिले. दुकाने शोधून काढावीत, गाडी यंत्रावर चढवून तिची ताकद मोजावी, प्रत्येक गिअरचे प्रमाण आणि स्प्रिंगांचा ताठरपणा स्वतः ठरवावा, अशी सोय त्यात होती. गाडीच्या देखणेपणाला तारे मिळत आणि ते पुरेसे झाले की मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकण्याचे आमंत्रण येई. २००५ च्या ‘मोस्ट वाँटेड’मध्ये दिवस उगवला आणि पोलीस परतले. २००६ च्या ‘कार्बन’मध्ये तर बंपर आणि पंखांचा आकार मातीसारखा ओढून-ताणून घडविता येऊ लागला.

या खेळात काय नव्हते, हेही सांगितले पाहिजे, कारण इतिहासात अनुपस्थितीची नोंद उपस्थितीइतकीच बोलकी असते. ‘अंडरग्राउंड’च्या रस्त्यावर माणूस नाही. इतर मोटारी आहेत, खांब आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत. पण रस्ता ओलांडणारी म्हातारी नाही, सायकलस्वार नाही, कामावरून घरी निघालेला कामगार नाही. तसेच गाडीला कायमची इजा नाही. भिंतीवर आपटावे, क्षणभर थांबावे आणि पुन्हा निघावे. पत्रा जसाच्या तसा. दुरुस्तीचा खर्च नाही, दवाखाना नाही. निवडीचे स्वातंत्र्यही यादीपुरते. कंपनीने शेकडो नक्ष्या दिल्या होत्या, पण त्या तिच्या. आपल्या दादरा नगर हवेलीत ज्या वारली रेषा घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांतली एकही त्या यादीत नव्हती.

आता सेलवासकडे येऊ. १९६१ च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन झालेला हा प्रदेश करसवलतींमुळे पुढच्या दशकांत कारखान्यांचा झाला. पिपरिया, आमली, मसाट, खडोली येथे सूत, प्लॅस्टिक आणि तारांचे उद्योग उभे राहिले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणूस येथे आला. जनगणनेनुसार प्रदेशाची लोकसंख्या २००१ मध्ये २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. या दहा वर्षांच्या मधोमध सायबर कॅफेची ती खोली उभी होती. सहा-सात संगणक, एकमेकांना तारांनी जोडलेले, पंख्याचा आवाज, दारात चपलांचा ढीग. आत मराठी, गुजराती, हिंदी आणि भोजपुरी बोलणारी मुले खांद्याला खांदा लावून बसत. बाहेर या मुलांचे वडील ओळखीपाळखीवाचून एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या दारांनी आत शिरत. स्टिअरिंग नव्हते. कीबोर्डावरच्या बाणांच्या चार कळा म्हणजेच गाडी. तबकड्या बहुधा नकली असत, हेही नमूद केले पाहिजे. अस्सल तबकडीची किंमत त्या मुलांच्या आवाक्याबाहेरची होती.

वाचकांना हे आठवत असेल की त्याच सुमारास मोठ्या पडद्यावरही हा वारा शिरला होता. ऑगस्ट २००४ या एकाच महिन्यात दोन हिंदी चित्रपट आले. ‘टार्झन : द वंडर कार’मधली गाडी दिलीप छाब्रिया यांच्या डी. सी. डिझाइनने टोयोटाच्या एका जुन्या मोटारीवरून घडविली होती. आणि ‘धूम’ने मुंबईच्या रस्त्यांवर वेगवान मोटारसायकली पळविणाऱ्या चोरांना नायकाइतके देखणे केले. मुंबईत रात्रीच्या दुचाकी शर्यती, त्यांवर लागणाऱ्या पैजा आणि पोलिसांची धरपकड यांच्या बातम्या वरचेवर येत. आमच्या मनातल्या भीतीला त्या बातम्यांनी खतपाणी घातले, हे आम्ही नाकारीत नाही. भीती निराधारही नव्हती.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढविली. कलम ५२ वाहनात फेरफार करण्याविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ बांधणीशी विसंगत असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येणार नाही. म्हणजे पडद्यावर जे कौशल्य वाटते, त्यातले बहुतेक आपल्या रस्त्यावर दंडनीय आहे. हे योग्यच आहे. रस्ता सर्वांचा असतो.

तथापि वाहन सजविण्याची आणि पळविण्याची ही ओढ परकी आहे, असे जे आम्ही त्या संध्याकाळी कॅफेत बोललो, ते मात्र खरे नव्हते. आमच्या आजोळी, जुन्नरच्या बाजूला, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ असा थाट आम्ही लहानपणी पाहिला आहे. आणि त्याच बैलांना यात्रेच्या घाटात ‘भिर्रर्र’ म्हणून सोडल्यावर सेकंदांचा हिशेब लागे. आपला बैल देखणाही असावा आणि पहिलाही यावा, ही इच्छा शेतकऱ्याच्या ठायी एकच होती. तीत फूट नव्हती. या शर्यतींचाही न्यायनिवाडा झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. नऊ वर्षे चाललेल्या या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले गेले, पुरावे पाहिले गेले, बैलाच्या वेदनेचा विचार झाला आणि नियम आखले गेले. कॅफेतल्या मुलांच्या वाट्याला आमची अर्ध्या तासाची बैठक आली.

फरक आहे, आणि तो झाकू नये. बैल थकतो हे मालकाला कळते. रात्री उठून तो त्याच्या पायाला हात लावून पाहतो. पडद्यावरची मोटार थकत नाही आणि कोणाला लागत नाही. सजविण्याचा आनंद या खेळाने मुलांना दिला. सजविलेल्या वस्तूची निगा राखण्याचा भार मात्र दिला नाही. आमच्या मते या खेळावरचा खरा आक्षेप हाच आहे आणि तो आम्ही त्या वेळी मांडू शकलो असतो. त्यासाठी खुर्ची ओढून अर्धा तास त्या मुलांच्या शेजारी बसणे तेवढे आवश्यक होते.

गेल्या दिवाळीत तो मुलगा आमच्याकडे फराळाला आला. आता मुलगा म्हणणे बरे नव्हे. तो चाळिशीकडे झुकला आहे, एका कारखान्याच्या भांडारात नोकरीला आहे आणि लंगडत चालतो. बोलता बोलता त्या खेळाची गोष्ट निघाली आणि दुसऱ्या दिवशी त्याने एक शाळकरी वही आणून दिली. कॅफेतील संगणक वरचेवर बिघडत, पुन्हा नव्याने भरले जात, किंवा दुसरा कोणी आपले नाव घालून आधीची नोंद पुसून टाकी. त्यामुळे आदल्या दिवशी घडविलेली गाडी दुसऱ्या दिवशी सापडेलच याचा भरवसा नसे. म्हणून त्याने आपली गाडी कागदावर उतरवून ठेवली होती. पानाच्या डावीकडे भागाचे नाव, उजवीकडे निवड. बॉनेट कितवे, रिम कोणती, रंगाची छटा कोठवर सरकविली, पहिल्या गिअरचे प्रमाण किती, सहाव्याचे किती. आणि समासात बारीक अक्षरांत शेरे : ‘वळणावर मागचे चाक सुटते, स्प्रिंग कडक करून पाहणे.’ चौऱ्याहत्तर पाने. एका पानावर पेन्सिलीने मोटारीची बाजू काढून तिच्यावर तारप्याभोवती फेर धरलेली वारली माणसे रेखाटली आहेत. खेळाच्या यादीत जी नक्षी नव्हती, ती त्याने वहीत लावून घेतली होती.

वही चाळताना आम्ही त्याला विचारले, त्या रात्री तू कोठून येत होतास? आजवर हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. तो म्हणाला, “काका, दुसरी पाळी सुटली होती. अकराला सुटायची. गाडी सोबतच्या माणसाची होती, त्याची पाळी पुढे चालू होती म्हणून मला दिली. रस्त्यावर दिवा नव्हता आणि कंटेनरच्या मागचा लाल दिवाही पेटलेला नव्हता.” तो शर्यत लावीत नव्हता. त्याची बारावी राहिली होती आणि घरात पैशांची निकड होती म्हणून तीन महिन्यांपासून तो रात्रपाळीला जात होता, हे त्याच्या आईला ठाऊक होते, कारखान्याच्या हजेरीपटाला ठाऊक होते. आम्हांला नव्हते, कारण आम्ही निवाडा आधी ठरवून मग दोषी शोधायला निघालो होतो. आम्ही कॅफेत गेलो. दिव्याच्या खांबासाठी अर्ज घेऊन कोणत्याही कचेरीत गेलो नाही. कडेला अंधारात उभ्या राहणाऱ्या कंटेनरांबद्दल कोणाला जाब विचारला नाही. मालकाला दरडावणे सोपे होते.

त्या खेळांचे पुढे काय झाले, तेही इतिहासाच्या पूर्ततेसाठी सांगतो. २००७ च्या ‘प्रोस्ट्रीट’मध्ये मालिकेने शर्यती रस्त्यावरून उचलून बंदिस्त मैदानांत नेल्या, १९५१ साली कॅलिफोर्नियात जे घडले त्याचीच ही पडद्यावरची आवृत्ती म्हणावी. भारतातही बदल झाला होता. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या संस्थेतील कलावंतांनी ‘फोर्झा’ मालिकेसाठी मोटारींचे तपशील घडविले, आणि २०१० साली मुंबईच्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने कोडमास्टर्स या शर्यतींच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. जे काम आम्ही उनाडपणा समजत होतो, ते कोठेतरी पगारी कारागिरी झाले होते. दुसरीकडे, जगभरच्या खेळाडूंनी एकत्र खेळायचा ‘नीड फॉर स्पीड : वर्ल्ड’ २०१० मध्ये सुरू होऊन जुलै २०१५ मध्ये बंद झाला आणि त्यात लोकांनी पाच वर्षे घडविलेल्या मोटारी एका दिवसात नाहीशा झाल्या. ‘कार्बन’ची विक्री मे २०२१ अखेर थांबविण्यात आली. या कलेला कागद नाही, ताम्रपट नाही, भिंत नाही. यंत्र बंद केले की ती संपते.

म्हणूनच त्या चौऱ्याहत्तर पानांचे मोल आम्हांला वाटते. एका कारखानदार गावातील एकोणीस वर्षांच्या मुलाने, ज्याच्या मालकीची साधी सायकलही नव्हती, एक वस्तू मनासारखी घडविण्यासाठी किती बारीक विचार केला, याचा तो लेखी पुरावा आहे. त्या वयाच्या मुलांनी सेलवासमध्ये तेव्हा काय इच्छिले, हे सांगणारे दुसरे साधन आमच्या पाहण्यात नाही. आमच्या नातवंडांना १९५४ च्या मुक्तिसंग्रामाची कागदपत्रे वाचायला मिळावीत, तशी ही वहीही मिळावी.

वहीच्या मालकाची संमती घेतली आहे. त्याचे नाव आत असल्याने पहिले पान तेवढे त्याने स्वतःजवळ ठेवले. उरलेली वही मंडळाच्या ग्रंथालयातील कपाटात, १९५४ च्या कात्रणांच्या फडताळाशेजारी ठेवून घ्यावी, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे. सोबत एक टिपण जोडले आहे. त्यात २००६ च्या त्या संध्याकाळी कॅफेत कोण कोण गेले होते आणि काय बोलले, हे आम्ही आमच्या हस्ताक्षरात लिहून दिले आहे.